लंडनच्या मैफलीतली दाद

लंडन, ११ मार्च १९४९

तीर्थरूप अण्णांस मार्तंडचा नमस्कार. पारनेर कुठल्या दिशेला ते इथून नक्की कळत नाही, म्हणून खिडकीकडे तोंड करून केला.

थंडी सोसते. खोकला होता, आता बराच कमी आहे. आईला खोकल्याचं सांगू नका.

काल घरमालकिणीने एका नव्या सिंफनीला नेलं. सिंफनी म्हणजे शंभरभर वादकांनी मिळून वाजवायची मोठी रचना. हिच्यात बाराही स्वर एका ठरावीक ओळीत येतात, आणि ओळ पुरी होईपर्यंत एकही स्वर पुन्हा घ्यायचा नाही. षड्जावर टेकायची सोयच नाही. मी कंटाळलो होतो. पण घडण जुनीच निघाली. आरंभीचा मुखडा खूप भटकून शेवटी परत आला, आणि माझ्या तोंडून अगदी तुमच्यासारखं मोठ्याने 'वा' निघून गेलं.

इथे वाजवणं संपेपर्यंत कुणी हूं की चूं करत नाही. सगळ्या माना वळल्या. एक गृहस्थ तेवढे हसले. रचना त्यांचीच होती, असं घरमालकीण नंतर म्हणाली.

इंदू आता बेलापूरला सासरी, मी इथे. संध्याकाळी तुम्ही गायला बसता, तेव्हा 'वा' कोण म्हणतं?

तुमचा,
मार्तंड