दुसरा दाखला

आई, गणपतीच्या आधी ऑफिसात एक बाई आली होती. लालबागची, तुझ्याच वयाची, म्हणजे तू गेलीस तेव्हा होतीस त्या वयाची. सोबत तिची मुलगी. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायला आता जरा वेळ लागतो. त्या दिवशी मात्र लगेच आठवला, कारण ती बाई शब्दन् शब्द तुझंच बोलत होती. मी तिच्यावर चिडले. वकिलाने पक्षकाराच्या आईवर चिडायचं नसतं, पण चिडले.

माझं ऑफिस तू पाहिलं नाहीस. ठाकूरद्वारला, तळमजल्यावर आहे. आधी तिथे आयुर्वेदिक औषधांचं दुकान होतं. हवा दमट असली की अजून काढ्याचा वास येतो. तळमजला मी हट्टाने घेतला, नाहीतर माझ्याकडे येणाऱ्या माणसांनी जिना चढायचा म्हणजे थट्टाच. अपंग माणसाला नोकरीत वेगळं वागवलं तर त्याला काय करता येतं आणि मालकाला काय करावंच लागतं, हे सांगायचं माझं काम. सरकार आता दिव्यांग म्हणतं. हा शब्द ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांतले साहेबलोकही येतात. त्यांचं ठरलेलं असतं, "मॅडम, रॅम्प बांधला आम्ही, अजून काय पाहिजे?" मी विचारते, त्या रॅम्पवरून आत आलेल्या माणसाला तुम्ही काम काय देणार? मग ते चहा घेतात आणि जरा नीट ऐकायला लागतात. त्यांना मी समजावते, की माणसाला काम करता यावं म्हणून ऑफिसने थोडं सरकून जागा करायची, कायदा एवढंच मागतो.

पण हे सगळं मी तुझ्यापाशी बोलू शकले नाही. तुझ्यापाशी दाखल्याचा विषय काढायची सोयच नव्हती. दहावीच्या परीक्षेला माझा नंबर तिसऱ्या मजल्यावर आला होता. वर्गशिक्षिका म्हणाल्या, हिच्या आखूड पायाचा दाखला आणून द्या, हिला तळमजल्यावर बसवायची व्यवस्था करते. तू तर हॉस्पिटलात आया होतीस. दाखले देणारे डॉक्टर तुझ्याच मजल्यावर बसायचे. तू स्टोव्हला पंप मारता मारता थांबलीस. मी अजून तुला तशीच बघते आहे, उकिडवी बसलेली, हात पंपावर. "एक दाखला आहे आपल्याकडे," तू म्हणतेस, "तो कुणाच्या दयेचा नाय. भिंतीवर फोटो आहे ना, त्यांनी भांडून मिळवलाय. हा दुसरा कशाला? पांगळी म्हणून शिक्का मारून घेतेस? आधीच चाळीत बोलतात, ह्यांना सगळं फुकटात. आता म्हणतील, पायावर पण घेतलं." जातीचा दाखला काढताना तू ताठ मानेने रांगेत उभी राहिली होतीस. तो हक्क, हा मात्र डाग. 

मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तू नवे बूट घेऊन आलीस. परळच्या पुलाजवळच्या बूटवाल्या काकांकडून डाव्या बुटाचा तळ आतून उंच करून घेतला होतास, बाहेरून दोन्ही सारखे दिसतील असा. "बघ, आता कोण ओळखतंय," म्हणालीस आणि खूश झालीस. मीही झाले. ते बूट दुपारपर्यंत पाय सोलून काढायचे, ते मी तुला कधी सांगितलं नाही. परीक्षेला रोज तू रात्रपाळी करून थेट शाळेत यायचीस आणि जिन्यावर माझ्या मागून चढायचीस. माझा हात धरायचा नाहीस, कुणी बघेल म्हणून. नुसती एक पायरी खाली राहायचीस, मी तोल जाऊन पडले तर अंगावर घ्यायला. डोळे झोपेने लाल असायचे तुझे. आता वाटतं, त्या एका कागदाने तुझी तेवढी झोप तरी वाचली असती.

तर ती बाई. तिच्या मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, लहानपणापासून. ती लोअर परळच्या एका ऑफिसात बिलं तपासते. समोरच्याचे ओठ बघून समजून घेते, त्यामुळे कुणाला कधी पत्ता लागला नाही. पुढे मीटिंगा फोनवर व्हायला लागल्या आणि तिची पंचाईत झाली. साहेब म्हणाले, लक्ष नसतं तुझं, महिनाअखेर राजीनामा दे. घरात कमावणारी तीच एक. मी विचारलं, ऐकू येत नाही हे ऑफिसात सांगितलंस का? मुलीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मीच नको बोलले, मॅडम. एकदा कळलं की मग पोरीला त्याच नावाने हाक मारतात."

मी म्हटलं, मावशी, कायदा मनकवडा नाही. सांगितलंच नाही तर समोरचा सोय करणार कशी? हिने राजीनामा द्यायचा नाही. हॉस्पिटलात जाऊन कान तपासून घ्यायचे, दाखला काढायचा, आणि हिला काय लागतं ते ऑफिसला लिहून द्यायचं. मीटिंगमधलं बोलणं स्क्रीनवर अक्षरांत दिसेल अशी सोय असते, फुकटात असते. बाई मान हलवत राहिली. "दाखला नको. लग्न व्हायचंय तिचं. चारचौघांत शिक्का नको." तेव्हा माझा आवाज चढला. "शिक्का, शिक्का काय लावलंय? लपवून तुम्ही तिला वाचवत नाही आहात. नोकरी घालवताय तिची. हक्क आहे हा, कुणी भीक घालत नाही आहे." मुलगी आमच्या दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. तिला सगळं कळलं असणार.

बाई रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. टेबलाच्या कडेने वाकून तिने माझ्या पायांकडे बघितलं. मी दार उघडायला गेले तेव्हाच तिने हेरलं असावं. म्हणाली, "तुमच्याकडे आहे का दाखला?"

"आहे," मी म्हटलं.

 मग बाई मुलीच्या खांद्याला हात लावून, तोंड तिच्याकडे करून, हळूहळू म्हणाली, "मॅडमनी पण काढलाय." पुढच्याच आठवड्यात दोघी हॉस्पिटलात गेल्या. दाखला हातात आल्यावर मी ऑफिसला पत्र पाठवलं. त्यांनी आधी ताणून धरलं, मग त्यांच्याच वकिलाने त्यांना शहाणपण शिकवलं असावं. मुलगी आज नोकरीत आहे. मीटिंगमधलं बोलणं आता तिला स्क्रीनवर वाचता येतं, आणि परवा तिने साहेबांचीच चूक दाखवून दिली म्हणे. आई पेढे घेऊन आली होती. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाली, "तुम्ही काढला नसता ना, तर मी नसते गेले."

म्हणून हे तुला लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, आणि हे कुठे पाठवायचंही नाही. माझ्याकडे दाखला नाही, आई. तू गेल्यावर नवा कायदा आला, मी तो पाठ केला, कितीजणांना रांगेत उभं केलं. एकदा स्वतःही गेले. तुझ्याच हॉस्पिटलात, मुद्दाम. वाटलं होतं, तुझ्या मजल्यावर उभं राहून तुला सांगावं, की हा दुसरा दाखलाही पहिल्यासारखाच आहे, ह्यातही कुणाची दया नाही. केसपेपर काढला, बाकावर बसले. तेवढ्यात तुझ्या पाळीतली एक आयाबाई आली, केस पार पांढरे झालेले. तिने मला ओळखलं. माझे गाल कुस्करले, डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाली, "आई तुझी सगळ्या वॉर्डाला सांगायची बघ. पोरीचा पाय एकदम बरा झाला, पळते आता, म्हणायची. झाला ना गं बरा?"

पुढचा नंबर माझाच होता. मी उठले. "हो मावशी, झाला बरा," म्हटलं, आणि ती बघत होती म्हणून गेटपर्यंत जमेल तितकं सरळ चालत गेले.