मूठ आणि अंगठा

ती. मामा,

नमस्कार. (साष्टांग म्हणणार होते, पण हल्ली माझा खांदा इतका दुखतोय की एकदा आडवी झाले तर उठवायला तुम्हालाच यावं लागेल. तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा.) तुमचा खांदा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे आईची तब्येत चांगली आहे. जरा जास्तच चांगली आहे, पण ते पुढे ओघात येईल.

पत्राचं कारण धनुष्य, हे तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असेल. आजोबांचं ते उलट्या टोकांचं धनुष्य माझ्या हवाली करताना तुम्ही अट घातली होती: तिरंदाजीच्या मेळाव्यात पिसं काढलेला बाण सरळ जाऊन रुतला तर धनुष्य आमच्या घरचं. नाहीतर मेळाव्यानंतर ते मामेभावाच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, दोन खिळ्यांवर. तो सोफा मी पाहिलाय. त्याच्यावर आधीच एक काचेचा मासा आणि न चालणारं घड्याळ टांगलेलं आहे. त्या दोघांच्या मध्ये धनुष्य, ही कल्पनाच मला सहन होईना, म्हणून मी कंबर कसली. तुमच्याही हातून त्याचे बाण गेली कित्येक वर्षं कुत्र्याच्या शेपटासारखे हलत जातात हे तुम्ही स्वतःच सांगितलंत, त्यामुळे काम सोपं नाही याची कल्पना होती. (खरं सांगायचं तर नव्हती. मला वाटलं होतं, दोन संध्याकाळी पुरतील.)

पिसांचा बाण लबाड असतो, हे मला आता पटलंय. सुटताना तो कितीही वाकडा सुटो, पिसं त्याला वाटेत सावरून घेतात आणि आपण समजतो की आपल्याला जमलं. पिसं काढली की बाणाला सावरणारं कोणी उरत नाही. माझा पहिला बिनपिसांचा बाण मागच्या अंगणातून निघाला, गोणपाटाच्या निशाणाला वळसा घालून गेला आणि तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी वाळत घातलेल्या गादीत आडवा शिरला. मास्तर बाहेर आले, बाण उपसला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "ताई, पत्ता नीट घालत जा. परत पाठवायचं टपाल मी आता घेत नाही." तेव्हापासून ते गाद्या पुढच्या बाजूला वाळवतात, आणि मी भिंतीकडे तोंड करून मारते.

दुकानात मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते. त्या कामाचा एकच नियम आहे, की एका वेळी एकच काच बदलायची आणि विचारायचं, हे स्पष्ट की ते? धनुष्यालाही मी तेच केलं. बाणाचं बूड दोरीवर जिथे बसतं तिथली दोऱ्याची गाठ आधी केसभर वर घेतली, मग केसभर खाली. बाणाची टोकं बदलली, कारण टोक जड झालं की बाण सुटताना जास्त वाकतो, हलकं झालं की ताठ राहतो. (बाण धनुष्याला वळसा घालताना माशासारखा वळवळतो आणि मगच सरळ होतो, हे तुम्हाला माहीत होतं का? मला कळल्यापासून मी सरळ माणसांकडेही जरा संशयाने बघते.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोरीचं अंतर. तुम्ही शिकवलंत तसं: धनुष्याच्या मुठीवर आपली मूठ धरावी, अंगठा दोरीकडे ताठ करावा, तो दोरीला टेकला की अंतर बरोबर. कमी पडलं तर दोरीला पीळ द्यायचा, म्हणजे ती आखडते आणि धनुष्यापासून लांब जाते. जास्त झालं तर पीळ सोडायचा.

इथेच माझी मती गुंग झाली. संध्याकाळी मी पीळ देऊन अंगठा टेकवून ठेवायची, आणि दुसऱ्या संध्याकाळी बघावं तर दोरी पुन्हा आत आलेली. रोज. मी आधी उकाड्याला दोष दिला, मग दमटपणाला, मग दोरीला, मग स्वतःच्या अंगठ्याला. (अंगठा दिवसभरात लहान होतो का, हेही मी सकाळ-संध्याकाळ मोजलं. होत नाही.) घरातली सगळ्यात थंड जागा म्हणून धनुष्य आईच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. गुण येईना. एकदा दोरीला लाल लोकरीचा धागा चिकटलेला दिसला. तो मी मांजरीच्या खात्यावर टाकला. आमच्याकडे मांजर नाही, पण पोस्टमास्तरांची येते. ती पांढरी आहे, हा मुद्दा मला तेव्हा सुचला नाही. माझ्या बुद्धीबद्दल मला कधी फार भरवसा नव्हता, पण इतकाही अविश्वास नव्हता.

गेल्या गुरुवारी दुकानातली वीज गेली आणि मी दुपारीच घरी आले. अंगणात आवाज आला. आवाज म्हणजे काय, उशीवर कोणी हलकेच थाप मारावी तसा. माझ्या हातून सुटताना ते धनुष्य कढईवर पळी आपटल्यासारखं वाजतं. मी जिन्याच्या कोपऱ्यावरून डोकावले. मामा, आई उभी होती. डोळ्यांवर मीच करून दिलेला लांबचा चष्मा. (मोतीबिंदू काढल्यावर ती म्हणाली होती, आता इतकं लांबचं दिसतंय तर लांबचं काहीतरी बघायला हवं. मला वाटलं, खिडकीतून बघेल.) दोरीवर लाल लोकरीचे दोन गोंडे, आवाज दबावा म्हणून. आणि समोर गोणपाटात बिनपिसांचा बाण, भिंतीत खिळा ठोकावा तसा सरळ.

"आलीस? भात झाकून ठेवलाय," ती म्हणाली.

"आई, तू हे काय करतेस?"

"तुझ्या मामानं सांगितलेलंच. मूठ आणि अंगठा. तूच रोज बिघडवून ठेवतेस."

"मी?"

"मग कोण? मी दुपारी बसवते, दुसऱ्या दिवशी बघते तर दोरी पुन्हा लांब गेलेली. मला वाटलं, धनुष्य म्हातारं झालं, माझ्यासारखंच रात्रीतून आखडतं. तुला म्हटलं नाही, उगाच तुझा जीव खाली-वर."

आम्ही दोघींनी मुठी शेजारी शेजारी धरल्या. माझा पंजा बाबांवर गेलाय. आईचा अंगठा माझ्या नखाच्या मुळाशी संपतो. म्हणजे दोघी एकच नियम प्रामाणिकपणे पाळत होतो आणि दोघी एकमेकींचं केलेलं निस्तरत होतो. मग मी तो सरळ रुतलेला बाण बघितला आणि मला दुसराच किडा चावला: नियम जर मुठीचा आहे, तर मुळात मूठ कोणाची?

आई शांतपणे गोंडे सोडवत म्हणाली, "माझीच की. माझे बाबा अंतर बसवायचे तेव्हा तुझ्या मामाची मूठ लिंबाएवढी. माझीच लावून बघायचे. मग मारायला तो पुढे, आणि बाण आणायला मी. एकदा म्हटलं, मला दे, तर म्हणाला, ताई, तू आणतेस किती छान!"

मामा, माझी अडचण अशी की अट तुमची आहे आणि तुम्ही ती अगदी नेमकी सांगितली होती. बाण सरळ रुतावा, एवढंच. कोणाच्या हातून, ते ठरलं नव्हतं. मी प्रामाणिकपणे कबूल करते की माझ्या हातून रुतलेला नाही. मेळाव्यात मी उभी राहिले तर धनुष्य काचेच्या माशाशेजारी जाईल, हे नक्की. मात्र आई उभी राहील का, ते मी विचारलेलं नाही. विचारलं तर ती "चल, काहीतरीच" म्हणेल, आणि मग तो विषय संपेल. तुमच्या शब्दाला ती आजही मान देते. (निदान तुमच्यासमोर.)

तुमची भाची

ता. क. खरं काम हे, की आईचं नाव तुम्हीच मेळाव्यात नोंदवावं आणि तिला परस्पर कळवावं. ह्यात माझा हात आहे हे कळता कामा नये.

ता. क. २. तुमची मूठ अंगठ्यासकट कागदावर आखून पाठवाल का? मला उगीचच उत्सुकता आहे. तुमच्या बाणांची शेपटं आणि तुमचा अंगठा यांचा संबंध असावा असं वाटतं. दोष खांद्याचा नसेलही.

ता. क. ३. पत्र टेबलावर ठेवून मी पाकीट आणायला गेले, तेवढ्यात आईने लांबचा चष्मा काढून जवळचा लावला आणि सगळं वाचलं. ती सांगते, नाव तिने केव्हाच नोंदवलंय. मूठ आखून पाठवू नका, स्वतःच या. मेळाव्याच्या दिवशी तिला बाण आणून द्यायला कोणीतरी लागणारच आहे.