आसरांच्या दगडांवरून घेतलेली खूण

११ जानेवारी १९३४

करारावर सह्या झाल्या एकदाच्या! सायखेड्याखालच्या उतारावर गोदेला पूल. जमीन, दगडाची खाण आणि दोन्हीकडचे रस्ते जिल्हा बोर्डाचे. पैसा, माणसं नि बांधकाम कंत्राटदार खाजाशेठचं. चौदा वर्षं टोल त्यांनी घ्यायचा, मग पूल बोर्डाचा.

सगळी मारामारी नवव्या कलमावर. पुरात पूल गेला तर नुकसान कुणाचं? बोर्डाचे मोठे साहेब म्हणाले, कंत्राटदाराचं. खाजाशेठचा आवाज काही चढला नाही. "साहेब, पाया कच्चा निघाला तर माझी मान धरा. पण नदीची हमी मी कुठून देऊ? ज्याला जे सांभाळता येतं तेच त्याच्या डोक्यावर द्या." शेवटी ठरलं — पुराची एक खूण धरायची. पाणी खुणेच्या खाली असताना पूल गेला तर नुकसान शेठचं, खुणेच्या वर चढून गेला तर बोर्डाचं.

आणि खूण कुणाची? माझी! बोर्डाचा ओव्हरसियर मी. नोव्हेंबरात दुर्बीण लावून मीच घेतलेली, इंचाच्या दहाव्या भागापर्यंत. पुलाची उंचीही तिच्यावरूनच ठरलेली. साहेबांनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली. घरी येऊन बायकोला, सिंधूला, दोनदा सांगितलं.

हा खाजाशेठ म्हणजे गवंड्याचा मुलगा. शाळा तीन इयत्ता. पण आठ पानी करारातलं वर्म त्याच्याइतकं कुणाला कळलं नाही, मला धरून.

२ फेब्रुवारी

पायाला काळा खडक लागला. शेठनी कामावर कोळी घेतलेत — पूल झाला की ज्यांची नाव बंद पडणार तेच! मी म्हटलं, हे मुद्दाम खोडा घालतील. "भाऊसाहेब, नदीचा तळ यांच्या पायांना ठाऊक आहे. आणि पुढं नाक्यावर माणसं लागणारच की." काय माणूस आहे! भांडण व्हायच्या आधीच मिटवून टाकतो.

३ फेब्रुवारी

उन्हात टोपी विसरलो. डोकं ठणकतंय.

१९ फेब्रुवारी

मेलो!

दुपारी शेठ मला काठावर घेऊन गेले. तिथं सात आसरा आहेत, पाण्यातल्या देवींचे शेंदूर फासलेले सात दगड. सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी जिथं थांबलं तिथं ते मांडायचे, ही इथली रीत. माझी खूण त्यांच्यावरूनच घेतलेली. वाळू नावाड्याची आई भागीबाई हळदकुंकू वाहत बसली होती. शेठ म्हणाले, "आजी, हे देव आधी कुठं होते ते सांग या ओव्हरसियर साहेबांना."

"वर व्हते की! त्या उंबराच्या मुळाशी. मला गुडघ्यानं चढवंना, मंग वाळूनं समदे खाली आणले. लय वरसं झाली."

उंबर चांगला पाच फूट वर! गुडघे दुखले म्हातारीचे आणि बुडालो मी. इंचाचा दहावा भाग मोजत बसलो, पण देव आपल्या जागेवर आहेत का हे विचारायचं सुचलं नाही. शहाणा!

खूण खालची राहिली तर फायदा शेठचाच. कुठल्याही बऱ्यापैकी पुराला बोर्डाकडून भरपाई. नुसतं गप्प बसायचं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं, लाज सोडून. ते म्हणाले, "पुलाची भरपाई मिळेल हो. पुलावरच्या गाडीत बसलेल्यांची कोण देणार? साहेबांना सांगा. तुमच्या तोंडून गेलेलं बरं."

सांगितलं की नोकरी जाते. घरात खाणारी सहा तोंडं आहेत.

२० फेब्रुवारी

सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी

साहेब दिंडोरीला दौऱ्यावर. सुटलो!

२६ फेब्रुवारी

साहेब आले. त्यांच्या दारापर्यंत गेलो. बाहेरच्या माठातलं पाणी प्यालो आणि परत फिरलो. थू माझ्यावर.

५ मार्च

खांबांवर जादा थर चढताहेत! पाच फूट, स्वतःच्या खर्चानं. चुन्याच्या घाणीला बैलांची दुसरी जोडी लावलीय. मी म्हटलं, शेठ, साहेब काय म्हणतील? "त्यांना कळवलंय. परवानगी आली." काय कळवलं, ते मी विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं मला.

१८ मे

कमानींखालचा लाकडी आधार काढला. शेवटची पाचर ठोकून काढताना शेठ स्वतः खाली उभे होते. आम्ही सगळे काठावर. कमान केसभरही हलली नाही! वर आले, तोंड धुतलं आणि चहा मागितला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, खरंच.

१० जून

पूल खुला. पहिली गाडी पुंजा पाटलाची, कांद्याची. नाक्यावर वाळू, नवा पटका बांधून.

२३ जुलै

त्र्यंबकेश्वराकडं तीन दिवस कोसळतोय. आसरा पाण्याखाली गेल्या, म्हणजे माझी खूण बुडाली. जुन्या मापानं बांधला असता तर आज पाणी कमानींत शिरलं असतं. शेठनी नाका बंद करून गाड्या थांबवल्यात. मला बघून म्हणाले, "घरी जा भाऊसाहेब, भिजताय." इतक्या मायेनं म्हणाले की राहवेना. उद्या साहेबांना सांगणार.

२४ जुलै

सांगितलं. उभ्यानंच, एका दमात.

साहेबांनी खणातून एक कागद काढला. खाजाशेठचं पत्र, तारीख २७ फेब्रुवारी. 'खुणेची जागा ओव्हरसियरना मीच चुकीची दाखवली. पाच फूट माझ्या खर्चानं चढवतो. नववं कलम रद्द समजावं, पुराचं सगळं नुकसान माझं.' चौदा वर्षांची नदी डोक्यावर घेतली त्यांनी! बोर्डानं आनंदानं शिक्का मारलेला.

साहेब म्हणाले, "तुम्ही लेखी दिलंत तर हे पत्र खोटं ठरेल आणि कलम पुन्हा लागू होईल, सही झालेल्या त्याच खुणेसकट. पण मग तुम्हाला ठेवता येणार नाही. उद्यापर्यंत विचार करा."

तसाच पुलावर गेलो. का केलंत हे, म्हणून ओरडलोच शेठवर. "चौकशी लागली असती तर काम पावसाळ्यात अडकलं असतं. अर्ध्या खांबांना नदीनं ठेवलं असतं का? आणि त्या दिवशी तुम्ही साहेबांच्या दारातून परत फिरलात. मी तिथंच होतो, बाकावर." रागावले नाहीत. तेच लागलं.

सिंधूला सगळं सांगितलं. तिनं डब्यातले पैसे मोजले. मग म्हणाली, "माझे भाऊ आहेत. चार महिने निभेल."

२५ जुलै

लिहून दिलं. नोकरी गेली. पाणी अजून चढतंय, आणि पूल गेलाच तर आता खाजाशेठ बुडणार नाहीत.