सरकारी वकील असलेल्या दादाला

२ मार्च

दादा,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. तूही असशीलच, तुला काय धाड भरलीय? आईचा गुडघा बरा आहे. धाकटी पाचवीत आहे. ख्यालीखुशाली संपली.

आईकडून निरोप धाडलास, "घरचं भांडण चव्हाट्यावर आणू नकोस." घरचं? माझ्या नवऱ्याला भर वर्गातून, चाळीस पोरांसमोर, कारण न सांगता उचलून नेलं. नगरपालिकेची निवडणूक तीन वर्षं का लांबवली, एवढंच त्यानं पत्रकात विचारलं होतं. नागरिकशास्त्राचा मास्तर तो. पकडलेल्या माणसाला कारण सांगावं लागतं, एका दिवसात न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, हे दरवर्षी पोरांकडून घोकून घेतो. त्याला एकोणीस दिवस ठेवलं. मी डबा घेऊन गेले की चौकीतला हवालदार म्हणायचा, "बाई, असा कुणी इथं नाही." आणि दाराशी त्याच्या चपला मला दिसत असायच्या.

शेवटी कोर्टात अर्ज केला, तर सरकारतर्फे तू उभा! न्यायाधीशबाईंनी विचारलं, "अटकेचं कारण लेखी दिलं होतं?" तू कोटाचं बटण लावलंस. "तोंडी सांगितलं होतं, बाईसाहेब." मी पहिल्याच बाकावर होते. माझ्या नाकावर टिच्चून खोटं बोललास. बाईंनी त्याला त्याच दिवशी सोडलं, तुला नुसती समज दिली.

पत्रकाची बातमी पोलिसांना कुणी दिली, असं तो घरी आल्यापासून विचारायचा. मी मूग गिळून बसायचे. इथवर लिहितानाही तेच केलं बघ. पत्रकाचं सांगायला तुला फोन मीच केला होता. "दादा, याला जरा दटाव, तुझं ऐकेल." तू म्हणालास, "काळजी करू नकोस, मी बघतो." बघितलंस.

गेल्या रविवारी त्याला सांगितलं. डाव्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही. आत काय झालं ते तो बोलत नाही. त्या कानामुळे मला दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. शेजारणीनं खिडकी लावून घेतली. त्यानं वही-पेन माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "हे लिहून दे. सहीनिशी." तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. बाहेरच्या खोलीत झोपतो.

लिहून दिलं. तुझे शब्द, माझे शब्द, तारीख, सगळं. वकिलांच्या परिषदेकडे तक्रार आज गेली. तुला नोटीस येईल, मुदत मिळेल, वकील देता येईल, तुझी बाजू कुणीतरी ऐकेल. त्याला यातलं काहीच मिळालं नाही, पण तुला मिळायलाच हवं, असं तोच म्हणाला असता. मी म्हणाले नसते.

आईला यात घालू नकोस. आणि माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.

तुझी सख्खी बहीण, आणि तुझ्याविरुद्धची साक्षीदार