पूजेला मांडलेले बूट

सोम., ६ ऑक्टो.
शेठ हो म्हणाले! आधी एका शेडपुरतं. तिथले सगळे रबरी तळाचे बूट घालून मागावर उभे राहिले तर साऱ्या कारखान्याला बूट. नाही राहिले तर विषय बंद, आणि मी सुपरवायझरच्या जागेवरून परत टॉवेलांच्या घड्या तपासायला. पुढच्या मंगळवारी बघायला येणार.
शेडमधले विणकर नरसय्यामामा मागाशेजारी घसरले, हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून तरी शेठनी ऐकलं. तेल सांडलं की त्यावर वेस्ट सूत टाकायचं, ही इथली पद्धत. तेल दिसेनासं होतं, जात नाही. आणि पाय सगळ्यांचे अनवाणी.

मंगळ., ७
बूट आले. मापं मीच घेतलेली, तरी परत तपासली. वेस्ट टाकणं बंद, तेल लगेच पुसायचं, दारातला चपलांचा ढीग रॅकवर. हे सगळं पटलं. बूट म्हटल्यावर मात्र सगळे मागे सरकले. कांड्या भरणारी अंबक्का म्हणाली, "मागापुढं पायताण? तुझ्या नायनाला इचारून आलीस का?"
नव्हतं विचारलं वडिलांना.

बुध., ८
विचारलं. शाळेत जायच्या आधी नायनांनीच घरच्या मागाशेजारी बसवून अक्षरं शिकवली. त्या खोलीत चप्पल घालून जाणं मला अजून जमत नाही, आणि मी लोकांना सांगतेय...
नायनांनी मागावरची कात्री उचलून हातात धरली. मग म्हणाले, खंडेनवमीला आपण कात्री पुजतो, पाना पुजतो. बूटबी हत्यारच की.
इतकं सोपं! जेवणसुद्धा धड झालं नाही आनंदात.

शुक्र., १०
झाली खंडेनवमीची पूजा! मागाबरोबर बूटही मांडले. हळदकुंकू, प्रत्येक जोडीवर झेंडू. अंबक्कानंच ओवाळलं. नारळ मी बाहेर फोडायला लावला, फरशीवर पाणी नको. मामा रजेवर, पण पूजेला आलेले. म्हणाले, "देवालाबी घसरू देईना ही पोरगी." सगळे हसले. उद्यापासून घालतो म्हणाले. सगळे!

शनि., ११
दसरा, पण शेड चालू. कुणीच घातले नाहीत.
बूट भिंतीशी ओळीनं, फुलांसकट. येताजाता लोक हात जोडतायत. अंबक्का म्हणाली, "पुजलेल्यात पाय कसा घालायचा गं?"
मागाच्या घरात वाढले आणि हे मला सुचू नये. हसू की रडू.

सोम., १३
सकाळी मामा मुद्दाम आले. "आदी तू घाल."
माझ्या बुटांवरचं फूल काढून मागावर ठेवलं. मागाला हात लावून नमस्कार केला. पाय घातला. माग चालत राहिला, खटखट, नेहमीसारखा.
मामांनी त्यांच्या बुटांवरचं फूल माझ्या फुलाशेजारी ठेवलं. एका हातानं नाडी बांधता येईना म्हणून मी वाकले, तर म्हणाले, "पाया नंतर पड, नाडी घट्ट बांध." मग शेडभर एक फेरी मारली, नवरदेवासारखी. पोरं शिट्ट्या वाजवत होती! पण बूट कुणी उचलला नाही. अंबक्का तर कांड्यांवरून मान वर करेना.
उद्या शेठ येणार.
संध्याकाळी निघताना ओळ पाहिली. अंबक्काच्या बुटांवर फूल नव्हतं. कुंकूही पुसलेलं.