पहिल्या उत्तरतालिकेचा गुलाल

सांगली,
९ नोव्हेंबर २०२४

चि. शिवांजलीस मामाचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर बोलायचं धाडस होईना, म्हणून कितीतरी वर्षांनी पत्र लिहितोय. भरतीच्या निकालात तुझं नाव नाही, आणि त्याला कारण मी आहे.

जेवताना कुत्रं आलं, हे मराठीत खपतं. इंग्रजीत तसंच लिहिलं की कुत्रंच जेवायला बसतं, हे मी क्लासमध्ये घसा कोरडा करून शिकवतो. पेपरातलं तसलंच एक चुकीचं वाक्य पहिल्या उत्तरतालिकेने बरोबर धरलं होतं. क्लासची पोरं म्हणाली, सर, हरकत घ्या. मी घेतली. ती मान्य झाली आणि तुझा गुण गेला. तुझं उत्तर काय होतं, हे मी मुद्दामच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर हात आखडला असता.

तिकडे दाजींनी पहिल्या तालिकेवरच चौकात तुझा फ्लेक्स लावला, हलगी लावून गुलाल उधळला. मी हरकत पाठवून आलो होतो, तरी फेटा बांधून त्यात नाचलो. त्याचीच लाज जास्त वाटते. ताईला आता कोणत्या तोंडाने भेटू?

हवं तितकं रागव, पण लोभ तोडू नकोस.

तुझा,
वीरधवलमामा


रहिमतपूर,
१५ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचा नाच आईच्या मोबाइलवर आहे. वीरूला हलगीचा ठेका कधी कळलाच नाही, असं ती म्हणते. तुमच्यावर तिचा राग नाही.

मामा, लाज मला वाटायला हवी. ते उत्तर चुकलंय हे पेपर देऊन बाहेर पडतानाच कळलं होतं. तुमच्याकडेच शिकले ना. तालिकेने तेच बरोबर धरलं, आणि मी गप्प बसले. आबा फ्लेक्स छापायला निघाले तेव्हा निकाल लागू द्या, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी उलट त्यांना फोटो निवडून दिला.

काल आबांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. ते एवढंच म्हणाले, की बोर्ड म्या लावला, तू न्हाईस. आन् मामाला कळीव, त्यानं केलं ते बरं केलं. मग शिडी खांद्यावर टाकून, भर बाजाराच्या दिवशी, एकटेच चौकात गेले. मी शिडी धरायलासुद्धा गेले नाही.

तुमचा लोभ असू द्या, आता तो जास्तच लागणार आहे.

आपली,
शिवांजली