मौन प्रार्थनेचा तास

३ फेब्रुवारी, सोमवार
काल चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. आमच्या मंडळीत मुलांना घरीच शिकवणारी काही कुटुंबं आहेत, त्यांचा मेळावा सोळा तारखेला. विषय 'थकव्यावर मात'. वक्ता मी. म्हणाले, तुमच्याकडे बघूनच विषय सुचला. मंडळीत माणसाची पारख असलेला निदान एक माणूस आहे.
घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, जरा आरशात बघून ये. हिला माझं कौतुक पचत नाही. नर्स आहे. दिवसभर आजारी माणसं बघते, मग घरी आल्यावरही तिला पेशंटच दिसतात.
भाषण आजच लिहून टाकायचं ठरवलं. मथळा झाला. तेवढ्यात धाकट्याने गोंदाच्या बाटलीवर बसून दाखवलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
जेवणाच्या टेबलावर, म्हणजे वर्गात, अपूर्णांक घेतले. थोरली नऊ वर्षांची. मी उत्तर सांगितलं, तिने पुस्तकाच्या मागे पाहिलं. पुस्तकातलं उत्तर चुकीचं छापलंय. हे आठवड्यातलं तिसरं. प्रकाशकाला कळवायला हवं.
धाकटा सहा वर्षांचा. अजून वाचत नाही. घाई कशाला? याचसाठी तर मी नोकरी सोडली. देवाने हे काम माझ्या पदरात टाकलंय, तोच बळ देईल.
सकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटले आणि अंगात विलक्षण शांती पसरली. डोळे उघडले तेव्हा मुलं अंगणात होती आणि ऊन टेबलाच्या या टोकाला आलं होतं. धाकट्याने आईला सांगितलं की बाबांनी आज खूप मोठी प्रार्थना केली. पोराची श्रद्धा बघून भरून आलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
टाइमटेबल बदललं. रोज सकाळी 'मौन प्रार्थना' हा वेगळा तास. मी डोळे उघडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. थकव्यावर उपाय असा सहज सापडला. भाषणात हाच मुख्य मुद्दा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मौन प्रार्थना वाढवून भूगोलाच्या तासात नेली. भूगोल कुठे पळून जात नाही.
थोरलीने विचारलं, प्रार्थनेत घोरतात का? मी सांगितलं, मन एकाग्र झालं की काहींचा श्वास जड होतो. तिने मान डोलावली. मान डोलावण्याची ही पद्धत तिने आईकडून उचललीय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
ही ड्यूटीवरून लवकर आली. मी प्रार्थनेत. धाकटा स्टुलावर चढून माझ्यासाठी दूध तापवायला गेला होता. दूध उतू गेलं, गॅस विझला, वास घरभर. तो फडक्याने ओटा पुसत बसला होता, कारण मला हाक मारायची नाही असा नियम मीच केला होता.
हिने गॅस बंद केला. खिडक्या उघडल्या. मग मला हलवलं. म्हणाली, सोळा तारखेपर्यंत बघते. पुन्हा असं काही झालं तर मुलं शाळेत जातील.
ओरडली असती तर भांडता आलं असतं. पुसलेला ओटा मी पुन्हा पुसला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मौन प्रार्थना बंद. यापुढे प्रार्थना उभ्याने.
मला भीती वाटते. ऑफिसात माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसतो. मुलं शाळेत गेली तर मी कोणाचा कोण? मंडळीत सगळे मला 'मास्तर' म्हणतात. उद्या काय म्हणतील?
असो. हे भाषणात घालायचं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
उभ्यानेही येते. भिंतीला टेकायला नको होतं.
संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत थोरलीची पाळी होती. तिने मागितलं, देवा, बाबांना थोडं आजारी पाड, फार नको, म्हणजे त्यांना झोपता येईल. सवयीने मी मोठ्यांदा आमेन म्हटलं. ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार
भाषण तयार. पहिलं पान खणखणीत. पुढे अक्षर उतरत उतरत कागदाबाहेर गेलंय. तिथे ऐनवेळी सुचेल. उद्या टवटवीत दिसायचं आणि पुन्हा कुणी शाळेचं नाव काढणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
हिने शर्टला इस्त्री करून दिली. हॉल भरला होता. मला पुढे खुर्ची. आधी पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले, मीही. त्यांची प्रार्थना लांबते.
डोळे उघडले तेव्हा हॉल रिकामा होता. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, फक्त माझी सोडून. अंगावर हिचा स्वेटर. थोरली शेजारी जमिनीवर बसली होती.
तिने सगळं सांगितलं. आमेन झालं तरी मी मान वर केली नाही, तेव्हा लोकांना वाटलं, मास्तर अजून प्रार्थना करताहेत. सगळे थांबले. मग मी घोरलो. आई उठून म्हणाली, यांना उठवू नका. पाळकसाहेबांनी सगळ्यांना पावलं न वाजवता बाहेर नेलं आणि मेळावा पायऱ्यांवर झाला.
मी विचारलं, किती जण हसले? म्हणाली, कुणीच नाही. दोघी-तिघी आया रडल्या.
म्हणजे विषय पोचला म्हणायचा. इतका परिणाम झालेलं भाषण मंडळीत कुणी दिलं नसेल. हे हिला रस्त्यात सांगणार होतो. हिने माझा हात धरला होता, त्यामुळे राहून गेलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ
मुलं हिच्याबरोबर शाळा बघायला गेली. नुसती बघायला. धाकट्याने दप्तर घेतलंच, आत काही नसताना. जाताना माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवून गेला. थंडच.
टेबल मोकळं. फळ्यावर परवाचे अपूर्णांक. पुस्तक काढून ताडून पाहिले. पुस्तक बरोबर आहे.
आता हाक मारणारं कुणी नाही. मौन प्रार्थनेचा तास अगदी बारापर्यंत घ्यायचा ठरवला. खुर्चीत नीट बसलो. डोळे मिटले.
झोप आली नाही. पुन्हा मिटले. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.
शेवटी नाइलाजाने प्रार्थना केली.